मुलांपर्यंत पोहोचणारी माणसं

(1996 च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



बासुंदीच्या जेवणानंतरचं सत्र मला दिलं आहे. शाळेत दुपारी दीडचा इतिहासाचा तास कसा जायचा हे सरांनाही माहीत आहे आणि आपल्यालाही. तेव्हा ज्यांना डुलकी येईल त्यांनी निवांत घ्यावी, मी खडू मारणार नाही.

संयोजकांनी मला सांगितलं होतं, "तू आयटीतली, कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोल." मी त्यांना विषय बदलून मागितला. कारण संध्याकाळी आपल्या बैठकीत तुकडीच्या निधीचं काय करायचं हे ठरणार आहे, आणि त्याआधी मला तुमच्यासमोर एक गोष्ट मांडायची आहे. गोष्ट मुलांची आहे. त्याहून जास्त, मुलांपर्यंत पोहोचणाऱ्या माणसांची आहे.

2021 च्या कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मी घरून काम करत होते, म्हणजे इथेच, आईकडे. तेव्हा प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली कृतिदल नेमलं होतं. आई किंवा वडील गेले, किंवा दोघंही गेले, अशा मुलांच्या याद्या करायच्या होत्या. दोन्ही पालक कोरोनाने गेलेल्या मुलांच्या नावे राज्य सरकारने पाच लाखांची ठेव जाहीर केली होती; ती मुलापर्यंत पोहोचायची तर आधी मूल सापडायला हवं. याद्या दवाखान्यांकडून येत होत्या, ग्रामपंचायतींकडून येत होत्या, शाळांकडून येत होत्या. एकच मूल तीन याद्यांत तीन नावांनी. शाळेत ज्ञानेश्वर, आधार कार्डावर माऊली, आणि अंगणवाडीच्या वहीत नुसतं बाळू. एका जिल्ह्याच्या कार्यालयाला या याद्या जुळवून देणारं कोणीतरी हवं होतं. वीस वर्षं मी हेच काम पगारावर करते आहे, त्यामुळे ते मला जमण्यासारखं होतं. रात्री बसून एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि संशयास्पद नोंदी वेगळ्या काढून दिल्या.

त्या नोंदी सोडवल्या मात्र तिथल्या एका कार्यकर्तीने. ती यादीवर बोट ठेवून सांगायची, "हा आणि हा एकच आहे. हे दोघं मात्र वेगळे, चुलत भाऊ आहेत, दोघांचं नाव आजोबांवरून ठेवलंय. आणि ही मुलगी आता या पत्त्यावर नाही, मामाने नेलीय." माझ्या संगणकाला जे कधीच कळलं नसतं, ते तिला माहीत होतं, कारण ती त्या घरांत जाऊन आली होती. तेव्हापासून सुट्टीला आले की मी तिच्याबरोबर एखादा दिवस फिरते. आज जे बोलणार आहे त्यातलं बरंचसं तिच्याकडून शिकलेलं आहे.

हे कार्यकर्ते म्हणजे नेमके कोण, ते आधी सांगते. आपल्याकडे समाजसेवक म्हटलं की फ्लेक्सवरचा फोटो डोळ्यांपुढे येतो, खाली "ज्येष्ठ समाजसेवक" असं लिहिलेलं. (आपल्या वर्गातले दोघंतिघं आता त्या फ्लेक्सवर असतात, त्यांनी रागावू नये.) मी बोलते आहे ती माणसं वेगळी. त्यांतले अनेक जण समाजकार्याची पदवी घेतलेले आहेत. या विषयाचं शिक्षण आपल्याच राज्यात, मुंबईत 1936 मध्ये सुरू झालं. पुढे तीच संस्था टाटा समाजविज्ञान संस्था झाली. आणि रस्त्यावरच्या, संकटातल्या मुलांसाठीची 1098 ही चाइल्डलाइन त्याच संस्थेतल्या एका उपक्रमातून 1996 मध्ये मुंबईत सुरू झाली. आपण दहावीच्या निकालाची वाट बघत होतो, ते हेच वर्ष.

आजची रचना थोडक्यात अशी आहे. 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात बालकल्याण समिती असते, अध्यक्ष आणि चार सदस्यांची. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल सापडलं की प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांच्या आत त्याला समितीपुढे आणायचं. त्यानंतर मुलाच्या घरची, नातेवाइकांची, शाळेची चौकशी करून सामाजिक तपासणी अहवाल तयार करायचा, त्याला मुदत 15 दिवसांची. त्यावरून समिती ठरवते की मूल घरी जाईल, काकांकडे जाईल, बालगृहात राहील की दत्तक जाईल. हा अहवाल लिहिणारी, घर बघून येणारी माणसं जिल्हा बाल संरक्षण कक्षाची असतात: संरक्षण अधिकारी, परिविक्षा अधिकारी, समुपदेशक, सामाजिक कार्यकर्ते, क्षेत्रीय कार्यकर्ते. अख्ख्या जिल्ह्याला मिळून डझनभर पदं. त्यांतली बहुतेक कंत्राटी. त्यांच्या खाली गावात अंगणवाडी सेविका, जिला सरकार पगार देत नाही, मानधन देतं. 2023-24 च्या हिवाळ्यात राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी 52 दिवस संप केला, तो आपल्यापैकी कितींच्या लक्षात आहे?

एका मुलाचं संपूर्ण आयुष्य त्या 15 दिवसांच्या अहवालावर ठरतं. अहवाल लिहिणारा माणूस घरात किती वेळ बसला, त्याने काय विचारलं, काय पाहिलं, यावर.

एकदा मी त्या कार्यकर्तीबरोबर एका वस्तीवर गेले होते. वडील गेलेले, आई ऊसतोडीला, घरी आजी आणि दोन नाती. थोरली असेल चौदाची. मला वाटलं होतं, ही बाई फॉर्म काढेल आणि प्रश्न विचारेल. तिने अर्धा तास कागदच बाहेर काढला नाही. जमिनीवर बसली, कोरा चहा घेतला, आजीच्या गुडघ्यांची चौकशी केली. मग सहज धाकटीला म्हणाली, "तुझी वही बघू." धाकटीने वही आणली, तेव्हा थोरलीलाही आणावी लागली. थोरलीच्या वहीत एका तारखेनंतर सगळी पानं कोरी होती. कार्यकर्ती काहीच बोलली नाही. निघताना थोरलीला म्हणाली, "मला रस्त्यापर्यंत सोडायला ये." त्या दोनशे पावलांत सगळं कळलं. शाळा सुटली होती, सोयरीक ठरत आली होती, पुढच्या हंगामाच्या आधी लग्न.

आपल्या भागात हे का होतं ते इथे कोणाला सांगायला नको. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल मिळते ती कोयत्याला, एकट्याला अर्ध्या कोयत्याची. सहा महिने आईबाप कारखान्यावर, सांगली-कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात, मग वयात आलेली मुलगी ठेवायची कुणाकडे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी 21.9 टक्के बायकांची लग्नं अठराच्या आत झालेली होती. बीड जिल्ह्यात हे प्रमाण चाळीस टक्क्यांहून वर होतं.

त्या मुलीचं लग्न थांबलं. ते पोलिसांनी येऊन मांडव काढला म्हणून थांबलं नाही. कार्यकर्ती तिथे आणखी चार वेळा गेली. आजीला बालसंगोपन योजनेचा अर्ज भरून दिला. त्या योजनेत अशा मुलाला महिन्याला 2250 रुपये मिळतात, पण त्यासाठी मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँकेचं खातं आणि समितीचा आदेश लागतो, आणि आजीला सही येत नव्हती. मुलीला वसतिगृहात जागा मिळवून दिली. मुलाकडच्यांना जाऊन भेटली. ग्रामसेवकाला बरोबर नेलं, कारण आपल्या राज्यात गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तोच असतो. आईला कारखान्यावर फोन करून तिचं म्हणणं ऐकलं. नुसता धाक घातला असता तर लग्न दुसऱ्या गावात झालं असतं, इतकंच.

आणि या बाईची स्वतःची स्थिती काय? अकरा महिन्यांचं कंत्राट. मानधन कधी दोन महिने उशिरा, कधी तीन. गाडी स्वतःची, पेट्रोल आधी स्वतःचं. मी एकदा साधा हिशेब मांडला. समजा एका कार्यकर्त्याकडे 200 मुलं आहेत आणि प्रत्येकाला तीन महिन्यांतून एकदा भेटायचं आहे. वर्षाला 800 भेटी. कामाचे दिवस 240 धरले तर रोज तीनाहून जास्त. जाणं-येणं धरून एका भेटीला दोन तास लागले, तर भेटींतच जवळपास सात तास गेले. अहवाल कधी लिहायचा? समितीपुढे कधी उभं राहायचं? आणि रात्री अकराला स्टँडवर एखादं मूल सापडलं तर? मग भेट होते फोनवर, आणि फोनवर कोरी वही दिसत नाही.

आमच्या कंपनीत रात्री सर्व्हर बंद पडला तर कोण उठणार याची पाळी लावलेली असते. जो उठतो त्याला दुसऱ्या दिवशी सुट्टी. काय घडलं याची सगळे मिळून चर्चा करतात, आणि नोकरी सोडताना महिनाभर बसून दुसऱ्याला काम समजावून द्यावं लागतं. हे सगळं संगणकांसाठी. मुलांसाठी रात्री उठणाऱ्या माणसाला यातलं काय मिळतं? ती कार्यकर्ती दिवसभर लहान मुलांवरच्या अत्याचाराच्या हकिकती ऐकते. त्या घरी जाऊन कोणाला सांगणार? सांगायची तर परवानगीही नाही. अशा कामात अनुभवी वरिष्ठाने आठवड्यातून एकदा बसून ऐकावं, अवघड प्रकरणांवर सल्ला द्यावा, ही कामाची गरज आहे. कंत्राट संपून असा माणूस निघून गेला की त्याच्याबरोबर दोनशे घरांची माहितीही जाते. मुलाला पुन्हा नव्या माणसापुढे पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं. काही मुलं दुसऱ्यांदा सांगतच नाहीत.

तुम्ही विचाराल, तू सॉफ्टवेअरवाली, एखादं ॲप काढ की! ॲपं आहेत, पोर्टलंही आहेत, आणि त्यांचा उपयोग आहे. हरवलेलं मूल दुसऱ्या राज्यात सापडलं तर नोंद जुळते. पण 2021 मध्ये राज्यातल्या हजारो अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाईल परत केले होते. फोन जुने, सारखे बंद पडणारे, आणि माहिती इंग्रजीतून भरायची, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. जिला वाड्यावस्तीवरच्या प्रत्येक बाळाचं वजन तोंडपाठ, तिच्यासाठी इंग्रजी रकाने! ज्याच्या हातात ते यंत्र द्यायचं त्याला आधी विचारावं, हा माझ्या धंद्यातला पहिला धडा आहे. आणि दुसरा असा की माणूसच कमी असेल तर यंत्र त्याचं काम वाढवतं.

आता थोडं आपल्याबद्दल. आठवीत खिडकीजवळच्या दुसऱ्या बाकावर बसणारी आपली एक मैत्रीण दिवाळीच्या सुट्टीनंतर परत आली नाही. आज व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणाऱ्या दहावीच्या फोटोत ती नाही, म्हणून आजच्या निमंत्रणाच्या यादीतही नव्हती. मागच्या वर्षी ती मला बाजारात भेटली. नाव सांगत नाही, पण हे सांगायला तिने मला परवानगी दिली आहे. लग्न त्याच वर्षी झालं. आता तिला नातू आहे. गप्पा मारताना ती म्हणाली, "बाई आल्या होत्या ना तेव्हा आमच्या घरी? दोनदा आल्या होत्या. मी आतच होते."

बाई, तुम्ही इथे समोर बसला आहात. तुम्ही गेला होतात हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. तुम्ही कधी सांगितलं नाहीत. तिला मात्र तीस वर्षं लक्षात आहे. मला एवढंच म्हणायचं आहे की तेव्हा तुमच्या मागे कोणी नव्हतं. तुम्ही कोणाला कळवणार होतात? बालविवाह प्रतिबंधक अधिकारी हे पदच 2006 च्या कायद्याने आलं. जिल्ह्यात बाल संरक्षण कक्ष नव्हता, समिती नव्हती, वसतिगृहाचा फॉर्म भरून देणारं कोणी नव्हतं. एकट्या शिक्षिकेने, शाळा सुटल्यावर, पायी जाऊन जे करता येतं ते तुम्ही केलंत. आज कायदे आहेत, पदं मंजूर आहेत, योजना आहेत. कमी आहेत ती माणसं, आणि जी आहेत त्यांचं बळ टिकवणारी व्यवस्था.

काही जण म्हणतील की हे सरकारचं काम आहे. बरोबर आहे, सरकारचंच आहे. मंजूर पदं भरा, मानधन वेळेवर द्या, अनुभवी लोकांना टिकवा, हे आपण सरकारला विचारलंच पाहिजे. रस्त्यावरच्या खड्ड्याबद्दल आपण आमदारांना विचारतो, तसं जिल्ह्यातल्या परिविक्षा अधिकाऱ्याच्या रिकाम्या खुर्चीबद्दल कधी विचारलं आहे का? डॉक्टरांची परिषद आहे, वकिलांची आहे, परिचारिकांची आहे. समाजकार्य या संपूर्ण व्यवसायासाठी देशपातळीवर तशी वैधानिक परिषद नाही. म्हणजे मूल कोणाच्या हाती सोपवायचं, त्याचं किमान शिक्षण आणि सराव किती हवा, हे ठरवणारी एक जागाच नाही. हेही नागरिक म्हणून विचारण्यासारखं आहे.

आणि आपल्या हातातलं असं बरंच आहे. आपल्या तुकडीकडे एकदा नीट बघू.

आपल्यात दोन सरपंच आहेत, एक माजी आणि एक आजी. गावात ग्राम बाल संरक्षण समिती असते आणि तिचा अध्यक्ष सरपंच असतो. तिची बैठक खरोखर भरवा. हंगाम सुरू होण्याआधी एक बैठक घ्या: कोणाची मुलं मागे राहणार, कोणाकडे राहणार, हंगामी वसतिगृहात किती जाणार, एवढी यादी केलीत तरी कार्यकर्त्यांचं अर्धं काम झालं.

आपल्यात डॉक्टर आहेत, शिक्षक झालेले तर खूप आहेत. 2012 च्या पोक्सो कायद्यानुसार मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, इच्छेचा प्रश्न नाही. "घरातलं प्रकरण आहे, मिटवून टाका" हा सल्ला कृपा करून देऊ नका. वकील मित्रांनो, अशा खटल्यात मुलाबरोबर पहिल्या जबाबापासून निकालापर्यंत एक सहाय्यक व्यक्ती असावी अशी नियमांत सोय आहे. कोर्टाच्या व्हरांड्यात मुलाचा हात धरून बसणारं, पुढची तारीख समजावून सांगणारं माणूस. अशी प्रशिक्षित माणसं कमी पडतात. तुम्ही शिकवलंत तर आणखी तयार होतील.

पत्रकार मित्र आहे आपला. अशा मुलाचं नाव, फोटो, शाळा, गाव, काहीही छापायचं नाही, हे त्याला माहीत आहेच. बाकीच्यांनी व्हॉट्सॲपवर पाळावं. बालगृहात वाढदिवसाचा केक नेणाऱ्यांनीही पाळावं. केक जरूर न्या, फोटो नको. आणि शक्य असेल तर केकऐवजी तिथल्या काळजीवाहू ताईंना विचारा, तुम्हाला काय हवंय. मी एकदा विचारलं होतं. उत्तर आलं, "रविवारी दोन तास कोणी गणित शिकवेल का?"

आणि आता निधी. प्रस्ताव प्रवेशद्वाराच्या कमानीचा आहे, वर आपल्या तुकडीचं नाव. कमानीला माझा विरोध नाही. चित्र मीही पाहिलं, सुरेख आहे. माझी सूचना अशी की निधीचा मोठा भाग तीन वर्षांसाठी एका प्रशिक्षित समुपदेशकासाठी ठेवावा. आठवड्यातून दोन दिवस आपल्या शाळेत, एक दिवस आजूबाजूच्या जिल्हा परिषद शाळांत. मानधन दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, प्रवासखर्च वेगळा, आणि अनुभवी वरिष्ठाशी महिन्यातून एकदा सल्लामसलत. कोणी सलग आठवडाभर शाळेत आलं नाही तर तिने घरी जायचं आणि गरज पडली तर जिल्हा कक्षाला कळवायचं. सरकारी माणसाच्या जागी बसवायचा हा माणूस नाही. तिथपर्यंत खबर वेळेत पोहोचवणारा दुवा आहे. तीन वर्षांनी काय झालं ते मोजू: किती मुलं शाळेत परत आली, किती मुली दहावीपर्यंत पोहोचल्या. चाललं तर पुढच्या तुकड्यांना सांगू, नाही चाललं तर थांबवू. खर्चाचा कागद समितीकडे दिला आहे, आमच्या सीए मित्राने दोनदा तपासलाय.

अडचण एकच आहे. या कामाचं उद्घाटन होत नाही. यश मिळालं तर दिसायला काहीच नसतं. एक मुलगी नेहमीसारखी दप्तर घेऊन शाळेत येते, बस्स. तिच्यावर कोणी नाव कोरत नाही. तरीही संध्याकाळी हात वर करताना याचा विचार करा, एवढीच विनंती.

आणि 1098 हा नंबर आत्ताच फोनमध्ये घालून ठेवा. आजही चालू आहे, फुकट आहे, दिवसरात्र आहे.

 चहा आला आहे.